चालढकल

सिनिक्कानं फळ्यावरची तारीख पुसली. तिसऱ्यांदा.
बोळा कितीही फिरवला तरी आधीच्या दोन दिसतातच,
वसंतातली हिरवी, तिच्या पोटात शरदातली निळी.
"पुढचा मार्च," ती म्हणाली.
कुणी काही बोललं नाही.
रेइयोनं फक्त कॉफी पुन्हा लावली.

ओउलूत नोव्हेंबर आहे.
तीनच्या आत अंधार खिडकीशी येऊन उभा राहतो
आणि पडद्यावर माझा म्हातारा पोस्टमन
गोठलेल्या समुद्रावरून पत्रं घेऊन निघतो.
पाऊल टेकतो, पण टेकलेलं पाऊल सरकतं,
तीन फ्रेम, कधी चार,
जणू खालचा बर्फच कुणी हळूच ओढून घेतोय.
सहा वर्षं झाली.
गर्व म्हणून नाही त्याला कसला,
तरी त्याचे पाय अजून जमिनीवर नाहीत.

पहिल्या वर्षी हेलसिंकीहून एक नट आणला होता.
काळा घट्ट पोशाख, अंगभर चमकते गोळे,
छतावरून वीस कॅमेरे त्याच्याकडे बघत होते.
लंगडला छान. अगदी ठेक्यात.
प्रत्येक पावलाला तेवढंच दुखत होतं त्याला.
ते सगळं मी टाकून दिलं.
ज्याचा गुडघा खरंच गेलाय
तो लंगडून दाखवत नाही,
लपवतो.

म्हणून बाबांकडे गेले.
साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवला
आणि म्हटलं, कॉफी द्या ना.
शेगडीपासून टेबलापर्यंत सात पावलं.
आधी उजवा खांदा वर जायचा,
मग क्षणभर काहीच नाही,
मग डावा पाय, पाहुण्यांदेखत फाटका मोजा लपवावा तसा,
आणि लगेच काहीतरी बोलणं:
वारा, शेजारच्या पेंटीची बोट, दुधाचा भाव.
ते बोलणंही चालण्यातलंच होतं.
ते मला घेता आलं नाही.
बाकीचं घेतलं,
हातानं, एकेक फ्रेम.
अकराव्या फ्रेमला वजन उतरतं,
तेराव्याला ओठ आवळतात.
बारावीत काही होत नाही.
ती बारावी करायला मला आठ महिने लागले.

मग इंजिन बदललं.
मग सांगाड्याची हाडं बदलली, आधीची चाल नव्या हाडांत बसेना,
गुडघा मागच्या बाजूला वाकायचा, करकोच्यासारखा,
रेइयो हसून हसून खुर्चीतून पडला होता.
मग पैसे देणारे बदलले.
रेइयोला जुळं झालं, ती पोरं चालायला लागली,
त्यांच्या पडण्याचंही आम्ही चित्रण करून ठेवलंय,
लागेल कधीतरी.
वाट बघणारे रागावून लिहितात, निव्वळ चालढकल आहे ही.
बरोबर आहे त्यांचं.
एक चाल आहे, आणि ती आम्ही
सहा हिवाळे ढकलत आणतोय.

या जूनमध्ये बाबांना नवा गुडघा बसवला. धातूचा.
सप्टेंबरात ते आमचं ऑफिस बघायला आले,
लिफ्ट सोडून, तीन मजले जिन्यानं.
माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.
पोस्टमन बर्फावरून येत होता,
खांदा, मग काहीच नाही, मग पाय.
"हा कोण?"
"पोस्टमन."
बराच वेळ बघत राहिले.
"फार त्रास होतोय बिचाऱ्याला," म्हणाले,
"डॉक्टरकडे का नाही पाठवत?"
आणि टोपी घालून निघाले, सरळ,
बोलायला काहीच नव्हतं म्हणून काहीच न बोलता.

ती चाल आता कुठंच नाही,
ना स्वयंपाकघरात, ना गिरणीच्या रस्त्यावर.
एका फाइलमध्ये आहे, तिच्या नावापुढं एकेचाळीस आकडा आहे
आणि ती अजून कुणी पाहिलेली नाही.

"पायाचं काम किती राहिलंय?" सिनिक्का दारातून विचारते.
दोन आठवडे, मी सांगते.
ती मान हलवते. तिलाही माहीत आहे.
मी बारावी फ्रेम उघडते.